उसवलेली बाही

माणूस कधी मोठा होतो असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अप्पांनी माझ्या हातात कातर दिली त्या दिवशी मी मोठा झालो. ही वही इथवर लिहिली ती त्याच समजुतीनं. चौथीत सोडलेली शाळा, अप्पांच्या मशीनपाशी बसून केलेली काज-बटणं, मग कातर. तिथं वही संपवायची असं ठरलं होतं. पण माझे ऱ्हस्व-दीर्घ नीट करून देणारी आमची सूनबाई सुनंदा म्हणाली, "मामा, कोरोनाचं राहिलं." आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. मी म्हटलं, "ते म्हातारपणीचं. लहानपणाच्या वहीत कशाला?" ती काही बोलली नाही. तिची ही खोड आहे, आपलं बरोबर असलं की गप्प बसते. चार दिवस मी वही मिटून ठेवली. पाचव्या दिवशी मला कबूल करावं लागलं की कातर हातात आली तेव्हा माझं लहानपण संपलं नव्हतं. ते सत्तरी ओलांडल्यावर संपलं, एका शाळेच्या हॉलमध्ये, हातात ब्लेड धरून.

जुन्या हुबळीतलं आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या ओट्यावरच्या माणसानं शिंक दिली तर आपण 'सत्य आहे' म्हणावं. दुकानाच्या दारात एक बाक आणि बाकाच्या वर अप्पांनी रंगवून घेतलेला बोर्ड. एका ओळीत मराठी, खाली कानडी: 'इथे शिवलेले उसवून मिळणार नाही.' दुसऱ्या शिंप्यांकडं ट्रायलची पद्धत असते, घट्ट झालं तर सैल करून देतात. आमच्यात नाही. अप्पा म्हणायचे, बरोबर शिवलेलं उसवायचं कशाला, आणि चुकीचं आपण शिवतच नाही. कुणी तक्रार घेऊन आलाच तर ते चष्म्यावरून बघून म्हणत, "सदरा बरोबर आहे. पोट तुमचं वाढलंय." माणूस हसत परत जायचा. मीही पन्नास वर्षं हेच वाक्य वापरलं. हुबळीत माझ्या हातची बाही ओळखणारी माणसं आहेत. मनगटापासून खांद्यापर्यंत अरुंद, कुठं फुगा नाही, कुठं चुणी नाही. ती कोपराच्या वर सरकत नाही. सरकावी अशी मी शिवतच नाही. कामाचा माणूस बाह्या वर करतो, मानाचा माणूस करत नाही, हे अप्पांचं.

अप्पांचं आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच धाग्यानं शिवलेलं आहे. मी पाच-सहा वर्षांचा असताना गल्लीत देवी काढणारा यायचा. आजची पोरं विचारतील देवी काढणं म्हणजे काय. देवीच्या रोगाची लस दंडावर टोचायची, त्याला आम्ही देवी काढणं म्हणत असू. तो आला की अप्पा दुकानाच्या फळ्या लावून घेत आणि मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, मुक्ताला, कापडाच्या गठ्ठ्यांमागं बसवत. "सरकारला माझ्या पोरांच्या दंडाशी काय करायचंय?" असं ते म्हणत, आणि गल्लीतली निम्मी घरं अप्पा म्हणतात म्हणून फळ्या लावत. दुसऱ्या वर्षी मुक्ताला देवी आल्या. मग घरात शास्त्र सुरू झालं. दाराला कडुनिंबाचा डहाळा. आई कशालाच फोडणी देईना, साधा दहीभात नि मऊ भाकरी. आणि शिंप्याच्या घरातलं सगळ्यात कडक शास्त्र म्हणजे सुई चालवायची नाही, देवीला टोचतं. मशीनवर पांढरं फडकं घातलं. आमचं घर त्या आवाजावर जगायचं. तो बंद झाल्यावर मुक्ताचं कण्हणं सगळ्या घरात ऐकू यायला लागलं. ती वाचली, पण तिचा चेहरा गेला, आणि एक डोळाही. ती बरी झाल्यावर एका सकाळी अप्पांनी माझा हात धरला, काही न बोलता दवाखान्यात नेलं आणि माझी बाही वर करून उभे राहिले. घरी परत येईतो ते एक अक्षर बोलले नाहीत. त्याबद्दल पुढंही, मरेपर्यंत, नाही. गल्लीतल्या ज्या घरांनी त्यांचं ऐकून फळ्या लावल्या होत्या, त्यांनाही कधी काही बोलले नाहीत. मला वाटायचं, काय ताठ माणूस! मी तसाच व्हायचं ठरवलं. झालोही.

कोरोनात मशीनवर दुसऱ्यांदा फडकं पडलं. एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं आणि त्याच रात्रीपासून देश बंद. लग्नाच्या कपड्यांचा ढीग दुकानात तसाच पडून, नवरदेव आपापल्या घरी. रेल्वे वर्कशॉपचा भोंगा, ज्यावर सगळी जुनी हुबळी जेवायला बसते, तोही गप्प. पहिले चार दिवस आम्ही कधीही जेवत होतो. कोपऱ्यावरचा मिरची-गिरमिटाचा गाडा दिसेनासा झाला, तेव्हा माझी बायको कमल घरीच चुरमुऱ्यात कांदा-टोमॅटोचा मसाला कालवून गिरमिट करायला लागली. तिला ते गाड्यावरच्यासारखं कधीच जमलं नाही, आणि मी तसं रोज सांगितलं. मुलगा बेळगावात अडकलेला. घरात आम्ही दोघं आणि सुनंदा. ती विद्यानगरातल्या शाळेत शिकवते. शाळा बंद झाली तशी तिला सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. तोंडाला माझ्या हातचा मास्क बांधून, दारोदार जाऊन, कुणाला ताप आहे कुणाला नाही हे ती लिहून आणायची. आली की मागच्या दारानं, न्हाणीघरातून, मग घरात.

बाकावर बसायला बंदी होती. पण आमच्या गल्लीला बाक लागत नाही. ज्यानं त्यानं आपल्या ओट्यावर बसायचं आणि तिथून बोलायचं. माझ्या शेजारच्या ओट्यावर रामभाऊ, कोर्टातले रिटायर कारकून. समोरच्या ओट्यावर गंगाधर. गंगाधर तीस वर्षं सरकारी बसचा ड्रायव्हर. कानडी माणूस, मराठी माझ्याकडूनच शिकला, म्हणून माझ्यासारखीच बोलतो. लहानपणी आम्ही एका पाटीवर लिहिलं, पुढं एकाच मंडपात लग्नं केली. त्याच्या अंगावरचा खाकी ड्रेस मी शिवला, रिटायर झाल्यावर गळ्यातून घालायचे पांढरे सदरेही मीच. छाती चाळीस, बाही चोवीस, त्याचं माप मला कधी लिहून ठेवावं लागलं नाही.

रोज सकाळी चहा झाला की सुरू. शिंप्याला आमच्याकडं मास्तरच म्हणतात.

"मास्तर, थाळी वाजवलीत की नाही?" रामभाऊ.

"वाजवली. कमलनं वाजवली. नवी थाळी, पोचा आला. पोचा भरून द्यायला दिल्लीवाले येणार का?"

"अहो, त्यानं लोकांना धीर येतो. एवढा मोठा देश, पण एका हाकेत उभा राहिला."

"उभा राहिला? रामभाऊ, उभा नाही, चालत सुटला. हायवेवर जाऊन बघा. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं. त्यांना चार दिवस आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही साधी विजार द्यायची झाली तरी आठ दिवस आधी तारीख सांगतो."

"आधी सांगितलं असतं तर स्टेशनावर चेंगराचेंगरी झाली असती. राज्य चालवणं म्हणजे विजार शिवणं नव्हे."

"नाहीच. विजारीला माप घ्यावं लागतं!"

सगळी गल्ली हसायची. रामभाऊ दिल्लीची बाजू घ्यायचे आणि मी कुणाचीच नाही. दिल्लीला झोडून झालं की बेंगळूरूला घ्यायचं, तिथून महापालिकेवर यायचं. आणि दर वेळी वाद रंगला की समोरून गंगाधरचा आवाज यायचा. त्यानं स्वतः कधी काही मत सांगितलं नाही. तो एवढंच विचारायचा, "मास्तर, तू काय म्हणतोस?" मी म्हणेन ते तो मान हलवून घ्यायचा, "हौदप्पा, बरोबर." मला ते फार आवडायचं. हे आज लिहितो, तेव्हा कबूल केलं नसतं.

पुढच्या वर्षी लस आली. सुनंदाला साठीच्या वरच्यांची यादी करायची ड्यूटी लागली. आमच्या गल्लीची यादी तिच्याकडंच. तिनं पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं कमलचं, तिसरं गंगाधरचं. रामभाऊंनी तर स्वतःच हाक मारून आपलं नाव घालायला लावलं.

मी ओट्यावरूनच तिला म्हणालो, "माझं नाव खोड. दहा-दहा वर्षं लागतात लस करायला, ही वर्षात झाली. आधी आमच्यावर करून बघायची, मग मोठ्यांनी घ्यायची."

"मामा, मोठ्यांनीही घेतलीय. टीव्हीवर दाखवली."

"टीव्हीवर सुई दिसते. सुईत काय आहे ते दिसतं का? आणि माझी बाही वर सरकत नाही, टोचणार कुठं?"

गल्ली पुन्हा हसली. सुनंदा हसली नाही. तिनं मान खाली घालून वही बंद केली. गंगाधर समोरून विचारता झाला, "म्हणजे मास्तर, घ्यायची नाही?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मी घेणार नाही. तू तुझं बघ."

'तू तुझं बघ' म्हणालो खरा. पण इतक्या वर्षांत त्यानं त्याचं कधी बघितलं होतं? दुसऱ्या दिवशी यादीत नाव आहे म्हणून तो लसीकरणाच्या ठिकाणी गेला खरा, पण सिस्टरनं नाव पुकारलं तेव्हा आपल्या सदऱ्याची बाही ओढून दाखवत म्हणाला, "बाई, ही मास्तरची बाही आहे, वर सरकत नाही, मी काय करू?" आणि परत आला. हे त्यानंच मला कौतुकानं सांगितलं. आपल्या मित्राचा विनोद आपण किती छान वापरला म्हणून.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थांबतो. सुनंदा हे वाचणार आहे, पण तिला ते ठाऊकच आहे.

त्याच आठवड्यात कमलनं मला पानावर बसल्यावर सांगितलं, "तुम्ही घेणार नसाल तर मीही घेणार नाही." एवढंच. आवाज नाही, रडणं नाही. वर आमटी वाढली. कमलला दम्याचा त्रास. मी दोन दिवस गुरगुरलो आणि तिसऱ्या दिवशी तयार झालो. पण आमच्या भागात नको, म्हटलं, विद्यानगरात जाऊ, तिथं मला कुणी ओळखत नाही. मुलानं कधीतरी आणलेला रेडिमेड बुशशर्ट कपाटात पडून होता, अर्ध्या बाह्यांचा. शिंप्यानं रेडिमेड घालायचा म्हणजे वैद्यानं दुसऱ्याचा काढा प्यायचा. मी तो घातला, वर शाल घेतली आणि गल्लीत सांगितलं की कमलच्या मावसबहिणीला बघायला निघालोय. रिक्षात कमल म्हणाली, "गंगाधरभावजींना सांगा हो. ते तुमच्यासाठी थांबलेत." मी म्हणालो, "सांगतो. जरा अंगदुखी थांबू दे." दोन दिवसांनी अंगदुखी थांबली. मी ओट्यावर बसलो. गंगाधर समोर होता. मी निवडणुकीच्या सभांवर बोललो. लोकांना घरात बसा सांगतात आणि स्वतः माणसं ट्रकांनी गोळा करतात, सांगतात एक आणि करतात दुसरं, असं मी मोठ्यानं म्हणालो. गंगाधर म्हणाला, "हौदप्पा, बरोबर." माझा डावा दंड शर्टाखाली अजून ठणकत होता.

एक महिना मी रोज उद्यावर ढकललं.

मग ती दुसरी लाट आली. पुन्हा दुकान बंद. ॲम्ब्युलन्सचा आवाज इतका वाढला की कमलनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. गल्लीच्या दोन्ही टोकांची माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. एका दुपारी समोरच्या ओट्यावर गंगाधर दिसला नाही. संध्याकाळी त्याची बायको शांतव्वा दारात येऊन म्हणाली, "जोर जास्त आहे अण्णा, दम लागतोय." 'जोर' म्हणजे कानडीत ताप. सुनंदानं फोन घेतला, यादी घेतली आणि तीन तास एकामागून एक दवाखान्यांना फोन करत बसली. बेड नाही. ऑक्सिजन नाही. बघतो. सांगतो. मी तिच्या बाजूला उभा होतो आणि सरकारला शिव्या देत होतो. शेवटी ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "मामा, जरा गप्प बसा, मला ऐकू येत नाहीये." सून म्हणून आल्यापासून ती माझ्याशी असं पहिल्यांदा बोलली. मी गप्प बसलो. बेड मिळाला. गंगाधरला उचलून नेलं, तेव्हा अंगावर माझाच सदरा होता. दारात त्यानं माझ्याकडं बघून हात वर करायचा प्रयत्न केला. अर्धाच वर गेला.

तो अठरा दिवस तिकडं होता. मी रोज मशीनवरचं फडकं काढायचो, बसायचो आणि पाय न हलवता उठायचो. कमल शांतव्वासाठी डबा करायची, भाकरी, शेंगाचटणी, कधी तांदळाची पातळ गंजी. तिच्या उंबऱ्यावर ठेवून लांब उभं राहायचं काम माझं. एका सकाळी शांतव्वा डबा उचलता उचलता थांबली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही दोघांनीही ती सुई घेतली नाही, ना तुम्ही, ना यांनी. तुम्हाला देवानं राखलं बघा. आमचं नशीब तसं नाही."

मी तिथं बोलायला हवं होतं. तोंडावर मास्क होता, माझ्याच हातचा, दुहेरी कापडाचा. मी म्हणालो, "गंजी गरम आहे, लगेच घे." आणि घरी आलो. मागच्या खोलीत भिंतीवर अप्पांचा फोटो आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या फोटोकडं बघून मुक्ताचं नाव घेतलं. मुक्ता जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अप्पा दवाखान्यातून येताना का बोलले नाहीत, ते मला कळलं. ताठपणा नव्हता तो. त्यांना बोलताच येत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला कणा समजलो, ती भीती होती.

गंगाधर घरी आला. छातीचे चाळीस होते ते पस्तीसही राहिले नसतील. डावा खांदा आखडला होता, हात खांद्याच्या वर जात नव्हता. महिनाभरानं त्याला ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. गल्लीला आनंद झाला. रामभाऊंनी तिकडून नमस्कार केला आणि थोड्या वेळानं आमचा वाद सुरू झाला. म्हणजे रामभाऊंनी सुरू केला. त्यांचाही आवाज खाली आला होता. म्हणाले, "मास्तर, यंदा मात्र मी कुणाची बाजू घेत नाही. ऑक्सिजन नाही म्हणजे काय? वर्षभर काय करत होते?" मी बोलेन म्हणून सगळे थांबले. समोरून बारीक आवाज आला, "मास्तर, तू काय म्हणतोस?"

मी उठून उभा राहिलो. का उठलो ठाऊक नाही, शाळेत उभं करत तसं. म्हणालो, "गंगाधर, मी लस घेतली होती. तू लस न घेता परत आलास त्याच आठवड्यात. विद्यानगरात जाऊन, रेडिमेड शर्ट घालून. तुला सांगितलं नाही. सगळ्यांसमोर नाही म्हणालो होतो, आता हो कसं म्हणायचं, म्हणून सांगितलं नाही. चुकलं माझं."

शांतव्वा दारात होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. रामभाऊ आपल्या चपलांकडं बघत राहिले. गंगाधर म्हणाला, "मी त्या सिस्टरला तुझी बाही दाखवली रे." आणि खुर्चीच्या हाताला धरून, एकटाच, हळूहळू आत गेला. दार लावलं.

ते दार बरेच दिवस लागलेलंच राहिलं. डबा कमल न्यायची, माझ्या हातचा शांतव्वा घेत नव्हती. दुखणं होऊन तीन महिने झाल्यावर लस घ्यायची असते. सुनंदा यादी घेऊन त्याच्याकडं गेली तर तो म्हणाला, "मला आता कुणाचंच काही ऐकायचं नाही. ना सरकारचं, ना तुझ्या सासऱ्याचं." सुनंदा परत आली आणि माझ्यासमोर वही ठेवून म्हणाली, "पुन्हा झालं तर ते झेपणार नाही त्यांना, मामा. डॉक्टरांनी सांगितलंय." आणि मग गप्प बसली. मी उठलो.

दार शांतव्वानं उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "गंग्या, माझं ऐकू नको. पण माझ्यावर चिडून लसीला नको म्हणू नकोस, एवढंच. सुनंदाचं ऐक. तिनं आजवर तुला खोटं सांगितलेलं नाही." मी ओट्यावर बसून राहिलो. ऊन ओट्यावरून उतरून गल्लीत गेलं. कमलनं दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी आतून काठीचा आवाज आला. गंगाधर दारात. पांढरा सदरा, माझाच. म्हणाला, "रिक्षा आण. ती आहे म्हणून जातोय."

शाळेच्या हॉलमध्ये बाकांवर माणसं बसलेली, बायाबापड्या, सिस्टर, डॉक्टर. गंगाधरचा नंबर आला. सिस्टर म्हणाली, "अज्जा, डावा दंड. बाही वर करा." हात बारीक झाला तरी बाहीचं तोंड मनगटाएवढंच, ती कोपराशी अडली. तिनं ओढून पाहिली. गळ्यातून सदरा काढावा तर खांदा आखडलेला, हात वर जाईना; घालतानाही शांतव्वाला किती वेळ लागला होता. उजव्या बाहीचंही तेच. मागं रांग. कुणीतरी म्हणालं, "घरी जाऊन दुसरा शर्ट घालून या." गंगाधरनं खुर्चीचे हात धरले. मला दिसलं, तो आता उठला तर परत येणार नाही.

मी खिशातून ब्लेड काढलं. शिंप्याच्या खिशात ब्लेड असतंच, धागे कापायला. मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसलो आणि त्याचा हात माझ्या गुडघ्यावर घेतला.

"काय करतोस?" गंगाधर म्हणाला.

"उसवतो."

"बोर्ड काय म्हणतो?"

"बोर्ड अप्पांचा. बाही माझी आहे."

मनगटापासून सुरुवात केली. माझी शिवण दुहेरी, टाका बारीक, एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उचलायचा आणि कापायचा. घाई केली तर कापड जातं. रांग थांबली होती. पन्नास वर्षांत मी स्वतःचा एक टाका उसवला नव्हता, आणि किती घट्ट शिवतो हे मला त्या दिवशी कळलं. काखेपर्यंत आलो तेव्हा बाही दोन्हीकडं उघडून पडली आणि त्याचा बारीक झालेला दंड बाहेर आला. सिस्टरनं कापूस लावला. सुई जाताना गंगाधरनं माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवला. तोल सावरायला असेल. तो ठेवला एवढं मी लिहितो.

घरी आल्यावर मी म्हटलं, "दे, शिवून देतो. दहा मिनिटांचं काम." तो म्हणाला, "राहू दे. दुसरी सुई घ्यायची आहे." आणि दुसरी सुई तीन महिन्यांनी. तेवढे दिवस तो माणूस तीच उसवलेली बाही घालून ओट्यावर बसला. धुतली की पुन्हा तीच. येणारा-जाणारा विचारायचा, "काय हो, मास्तर समोर असून बाही फाटकी?" तो काही सांगायचा नाही. माझ्याकडं बोट करायचा. मला सांगावं लागायचं. प्रत्येकाला, पहिल्यापासून. पंधरा-वीस जणांना सांगून झाल्यावर मला ते सरळ सांगता यायला लागलं.

त्याच दिवसांत एकदा रामभाऊंनी आणि मी पुन्हा तो जुना वाद काढला, एका रात्रीत देश बंद केला तो बरोबर की चूक. नेत्यांचं चुकलं ते चुकलंच, ते मी आजही मागं घेत नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरून आलंच, "मास्तर, तू काय म्हणतोस?" या वेळी आवाजात जरा हसू होतं.

मी म्हणालो, "आधी तू सांग."

गंगाधर गडबडला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं उघडी बाही गुडघ्यावर नीट केली. मग म्हणाला, "मी तीस वर्षं बस चालवली. समोर गुरं-ढोरं आली तर ब्रेक मारावाच लागतो. त्यात चूक नाही. पण मारायच्या आधी मागं ओरडायचं, 'हिडकोळ्री!' धरा म्हणून. उभी माणसं असतात. एवढं ओरडायला कितीसा वेळ लागतो?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसला होता.

"अजून सांग," मी म्हणालो.